‘या, बसा’ म्हटलं; पण बसायचं कुठे?

गणपतीच्या तोंडावर या सदराकडे सणात बाजूला पडणाऱ्या माणसांबद्दल एकाच धाटणीची पत्रं येतात. ‘आम्ही बोलावतो, पण ते येत नाहीत.’ ‘येतात, कोपऱ्यात बसतात, प्रसाद घेऊन निघून जातात.’ पत्र लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नसते. बोलावणं मनापासून केलेलं असतं आणि घोडं अडतं ते खुर्ची, पंखा, चपला अशा गोष्टींवर. म्हणून या वेळच्या उत्तरांत मापं बरीच आहेत.

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, कानाला मशीन आहे. गौरी-गणपतीत घरात पंचवीस माणसं असतात. ते पाच मिनिटं बसतात, मग मशीन काढून खिशात ठेवतात आणि आतल्या खोलीत पेपर वाचत बसतात. मोठ्याने बोललं तर म्हणतात, ‘ओरडतेस कशाला?’ काय करावं? (वाचक, चिपळूण)

ऐकू येत नाही आणि ओरडलेलं सोसत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. वयानुसार कान जातो तो सहसा वरच्या पट्टीपासून. आ, ए, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, फ, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच हलकी. त्यामुळे आवाज पोचतो, शब्द लागत नाही. ‘सात’ म्हटलेलं ‘आत’ ऐकू येतं. तुम्ही ओरडता तेव्हा स्वर वाढतात, व्यंजनं जवळपास तिथेच राहतात आणि तोंडाचा आकार वेडावाकडा झाल्याने ओठांवरून अंदाज बांधायची सोयही जाते. शिवाय अशा कानात ‘ऐकू आलं’ आणि ‘बोचलं’ यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. हळू बोललेलं कळत नाही आणि जरा आवाज चढवला की एकदम टोचतं.

मशीन आवाज मोठा करतं, पण माणसाचं बोलणं आणि भांड्यांचा खणखणाट यांची निवड ते पुरेशी करू शकत नाही. समोरचा माणूस एक-दीड मीटरच्या आत असेल तर ते चांगलं काम करतं. खोलीच्या पलीकडून मारलेल्या हाकेला नाही. पंचवीस माणसं, शहाबादी फरशी, उघड्या भिंती, डोक्यावर पाचवर फिरणारा पंखा, कोपऱ्यात चालू टीव्ही. अशा खोलीत मशीन काढून ठेवणारा माणूस शहाणपणाच करतोय.

तेव्हा सुरुवात खोलीपासून. टीव्ही बंद; आवाज कमी केलेला चालत नाही. पंखा दोनवर. फरशीवर जाड सतरंज्या, खिडकीला पडदे. त्याने घुमणं कमी होतं. सासऱ्यांची खुर्ची भिंतीला पाठ लावून, शक्यतो दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे मागून येणारा आवाज थांबतो. मान द्यायचा म्हणून आपण वडीलधाऱ्यांना मधोमध बसवतो. त्यांच्यासाठी ती खोलीतली सर्वांत वाईट जागा. खिडकी किंवा ट्यूबलाइट त्यांच्या पाठीशी हवी, बोलणाऱ्यांच्या नाही. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडला पाहिजे. एक कान बरा असेल तर तो माणसांकडे करा. पंगतीत सरळ रांगेत बसलेल्याला शेजारचे दोघेच दिसतात, म्हणून दोन रांगा काटकोनात मिळतात तिथलं पान त्यांना द्या. तिथून निदान सात-आठ चेहरे समोर येतात.

बोलताना आधी ‘बाबा’ म्हणून नजर वेधा, मग विषय सांगा, मग वाक्य. ‘बाबा, विसर्जनाचं विचारतेय. गाडी कधी बोलवू?’ विषय आधी कळला की न लागलेले शब्द माणूस अंदाजाने भरतो. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगा. तिसऱ्यांदा मात्र शब्द बदला. ‘सात वाजता’ लागत नसेल तर ‘संध्याकाळच्या आरतीआधी’ म्हणा. हास्याचा फवारा उडाला आणि त्यांनी ‘काय झालं?’ विचारलं की घरोघरी एक ठरलेलं उत्तर मिळतं : ‘काही नाही हो.’ हे उत्तर तुमच्या घरातून हद्दपार करा. विनोद दुसऱ्यांदा सांगताना पडला तरी चालेल. शेजारी एक नातवंड बसवून त्याला एवढंच काम द्या, की विषय बदलला की एक ओळ सांगायची : ‘आजोबा, आता दादाच्या नोकरीचं चाललंय.’ स्मार्टफोन असेल तर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर हवा आणि एका वेळी एकच जण बोलायला हवा. आडनावं आणि गावांची नावं ते हमखास चुकवतं.

मशीनकडेही एकदा बघा. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं सेल उघडा ठेवून मगच बसवायचा. हवा आत गेल्याशिवाय तो पूर्ण जोर धरत नाही. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. तपकिरी स्टिकरचा ३१२ आणि केशरी स्टिकरचा १३ हे नेहमीचे आकार. सणाच्या आठवड्यात एक पाकीट जास्त आणून ठेवा. चिपळूणच्या पावसाळी हवेत मशीनच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज तुटक येतो. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचं. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुता येतो. मशीनला पाणी लागू द्यायचं नाही. मशीन बसवून बराच काळ झाला असेल तर श्रवणतपासणी पुन्हा करून त्याचं सेटिंग बदलून घ्या. मुंबईला येणं-जाणं असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे.

आरतीला झांजा आणि टाळ वाजत असताना त्यांनी मशीन काढलं तर काढू द्या. आरती त्यांना पाठ आहे, मशीनची गरज नाही. आणि सगळी मांडणी करूनही अर्ध्या-पाऊण तासात ते उठतील, कारण अर्धवट ऐकून उरलेलं जुळवत बसणं दमवणारं काम आहे. आतल्या खोलीत जाणं म्हणजे रुसणं धरू नका. एकेकाने चहाचा कप घेऊन तिकडे जावं. त्या शांत खोलीत दोघांच्या गप्पा उत्तम होतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक अंध जोडपं राहायला आलं आहे. दोघंही नोकरी करतात, हुशार आहेत. गणपतीत त्यांना सामील करून घ्यायचं आहे, पण मदत केलेली आवडेल की नाही कळत नाही. (वाचक, डोंबिवली)

विचारा. ‘हात देऊ का?’ एवढाच प्रश्न पुरतो. उत्तर ‘नको’ आलं तर त्याचा अर्थ नको असाच आहे.

‘हो’ म्हणाले तर आपण त्यांचा दंड धरून ढकलत न्यायचं नाही. आपल्या हाताच्या पाठीने त्यांच्या हाताला हलकासा स्पर्श करायचा; ते आपल्या कोपराच्या वर धरतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात. आपलं अंग वळलं, उतरलं, थांबलं की त्यांना तुमच्या कोपरातूनच कळतं. जिन्यापाशी थांबून ‘वर’ की ‘खाली’ ते सांगा आणि शेवटच्या पायरीला ‘संपल्या’ म्हणा. न सांगितलेली शेवटची पायरीच पाडते. अरुंद वाटेत आपला हात पाठीमागे घ्या, ते आपल्या मागे येतात. खुर्चीपाशी त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवा, बसायचं ते बघतील. पांढऱ्या काठीला आपण हात लावायचा नाही. ‘इथे कोपऱ्यात ठेवतो’ म्हणून ती उचलून नेणं म्हणजे तुमचा चष्मा काढून नेण्यासारखं आहे.

बोलायला गेल्यावर नाव सांगा. ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा खेळ आपल्याकडे फार लाडका आहे आणि समोरच्याला तो फार कंटाळवाणा होतो. निघताना ‘मी जातोय’ म्हणा, नाहीतर तो माणूस रिकाम्या हवेशी बोलत राहतो आणि आजूबाजूचे बघत राहतात.

खरी गळती मात्र मांडवाच्या आधीच होते, व्हॉट्सअॅपवर. कार्यक्रमपत्रिका फुलापानांच्या चित्रात लिहून टाकली की फोनमधलं वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर तिथे अडखळतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या पत्रकाचीही गत तीच, अक्षरं कचऱ्यासारखी वाचली जातात. चित्र टाकायचं तर टाका, खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर एरवी टाइप करतो त्या मराठीत, टाइप करा. वर्गणीच्या क्यूआर कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा. आरत्यांचा मजकूरही असाच आधी पाठवला तर त्यांना हवी ती आरती ऐकून तयारी करता येते.

चपला हा असाच एक विषय, जो कुणाच्याच ध्यानात येत नाही. मांडवाबाहेरच्या ढिगातून आपली जोडी डोळस माणसालाही मिळत नाही. रॅकच्या एका टोकाचा खण ठरवून द्या किंवा चपला पिशवीत घालून त्यांच्याच खुर्चीखाली ठेवू द्या.

मूर्तीबद्दल. आरास सुंदर आहे, असं सांगून त्यात काय कळणार? मूर्ती आणल्यावर, प्राणप्रतिष्ठेच्या आधी त्यांना हात लावून बघायचं आहे का ते विचारा. स्थापनेनंतर कुणीतरी कुरकुरणार हे नक्की, म्हणून वेळ आधीची धरा. हात कोरडे असावेत, शाडूच्या मूर्तीचा रंग ओल्या हाताला येतो. सोंड कोणत्या बाजूला, हातात काय, उंची केवढी, हे त्यांच्या हाताबरोबर सांगत जा.

जेवणाला आपलं मराठी ताट फार सोयीचं आहे, कारण त्यात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली. घड्याळ डोळ्यांसमोर आणा : बारावर मीठ, अकरावर लिंबू, दहावर चटणी, नऊवर कोशिंबीर, पलीकडे दोनवर बटाट्याची भाजी, चारवर आमटीची वाटी, सहावर भात. एकदा ‘नेहमीसारखंच वाढलंय, फक्त दोनवर अळूची वाटी आहे, गरम आहे’ एवढं सांगितलं की झालं. वाढप्यांना मात्र बजावून ठेवा, की ‘जिलबी वाढतोय, तीनवर’ असं बोलून वाढायचं. न सांगता ताटात पडलेला पदार्थ हाताला लागतो तेव्हा दचकायला होतं. बुफे असेल तर ताट भरून आणून देण्याआधी काय काय आहे ते वाचून दाखवा. आपल्याला कारलं आवडतं म्हणून त्यांना आवडेलच असं नाही.

आणि काम द्या. हिशोब ठेवणं, निवेदन करणं, वर्गणीचे फोन करणं. दोघं नोकरी करतात म्हणता, मग त्यांना पहिल्या रांगेत नुसतं बसवून ठेवण्यात काय हशील?

प्रश्न : गौरीच्या हळदीकुंकवाला मला माझ्या विधवा जावेला आणि शेजारच्या घटस्फोटित मुलीला बोलवायचं आहे. सासूबाईंचा विरोध नाही, पण ‘लोक काय म्हणतील’ आहेच. जाऊबाईही ‘मी नाही येत’ म्हणतात. (नाव न छापण्याची विनंती, सातारा जिल्हा)

लोकांचं म्हणाल तर तुमच्यापासून फार लांब नसलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे गावात करायचं नाही असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात, हे सासूबाईंना सांगायला हाताशी असू द्या.

जाऊबाईंच्या नकाराकडे मात्र नीट बघा. एवढी वर्षं दाराआड थांबलेल्या बाईला एकदम हॉलच्या मधोमध आणून सगळ्यांसमोर कुंकू लावणं हा सोहळा तुमच्यासाठी आनंदाचा असेल; तिच्यासाठी ती परीक्षा असते. कुणीतरी फोटो काढतं, कुणीतरी दोन शब्द बोलतं, टाळ्या वाजतात. हे सगळं टाळा. वेगळी रांग, वेगळी साडी, वेगळा सत्कार, काही नको.

निरोपात ‘सुवासिनींना’ हा शब्द नको. ‘गौरीच्या दर्शनाला आणि फराळाला सगळ्याजणी या’ पुरेसं आहे. जाऊबाईंना फोन सासूबाईंनीच करावा, तुम्ही नाही. त्यांच्या तोंडच्या ‘ये गं’ला वजन आहे. तबकात हळद आणि कुंकवाबरोबर अष्टगंध, अत्तर, गुलाबपाणी आणि मोगऱ्याचे गजरे ठेवा. दाराजवळच्या टेबलावर तबक मांडून जिला जे हवं ते तिने स्वतःच्या हाताने घ्यायचं, आणि हे सगळ्यांसाठी सारखं. मग कुणी काय घेतलं याकडे लक्ष जात नाही, आणि ‘लावू की नको’ असं कुणाच्या कपाळाशी हात थबकून दोघींची पंचाईत होत नाही. याची सुरुवात सासूबाई आणि तुम्ही स्वतःपासून करा. वाण एकाच प्रकारचं आणि मोजणीपेक्षा पाच-सात जास्त आणा. शेवटी येणारीला वेगळी वस्तू मिळाली की लगेच अर्थ काढले जातात.

जाऊबाईंना आदल्या दिवशीच बोलवा. फराळाचं करायला, गौरींना साड्या नेसवायला. साडीच्या निऱ्या चोपून बसवणं दोन हातांचं काम नाही, तिथे तिसरा-चौथा हात लागतोच. दुसऱ्या दिवशी मग त्या पाहुण्या नसतात, घरातल्या असतात. आणि तरीही कुंकू घ्यायला नको म्हणाल्या तर पुन्हा आग्रह नको. त्यांनी फक्त अत्तर घेतलं, तरी गौरींपुढे त्या बसल्या आहेत.

प्रश्न : मंडळातले जुने कार्यकर्ते अपघातानंतर व्हीलचेअरवर आहेत. मांडवात रॅम्प करायचा आहे. मांडववाला म्हणतो, ‘एक फळी टाकतो, चार पोरं उचलतील.’ (वाचक, नाशिक)

चार पोरांनी उचलण्याला साफ नाही म्हणा. बऱ्याच व्हीलचेअरचे हात आणि पायपट्ट्या निघणाऱ्या असतात. उचलताना नेमके तेच धरले जातात आणि निसटतात. माणूस पडायची भीती वेगळी आणि चारचौघांत पोत्यासारखं उचललं जाण्याची लाज वेगळी.

उतार १:१२ धरा. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता मानकांतही हाच आहे. म्हणजे पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर रॅम्प १.८ मीटर लांब, सहा फूट. मांडववाल्याची तीन फुटी फळी याच पायरीवर दुप्पट चढ देते; त्यावर स्वतःच्या हाताने चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. १८ किंवा १९ मिलिमीटरचा प्लाय, रुंदी १.२ मीटर, निदान ९० सेंटिमीटर. खाली दर ४०-४५ सेंटिमीटरवर आडवा दांडा, नाहीतर प्लाय मधे झोळतो. दोन्ही कडांना सात-आठ सेंटिमीटरची पट्टी ठोका, चाक घसरणार नाही. भाद्रपदात पाऊस असतोच, आणि ओला प्लाय म्हणजे घसरगुंडी. ऑइल पेंटवर रंग ओला असतानाच कोरडी वाळू भुरभुरवा, दुसऱ्या दिवशी खरखरीत पृष्ठभाग मिळतो. गालिचा रॅम्पवर अजिबात नको, पुढची छोटी चाकं त्यात गुंततात. साउंडच्या वायरींचंही तेच.

वर पोचल्यावर वळायला १.५ मीटरची मोकळी जागा आणि बॅरिकेडमध्ये ९० सेंटिमीटरची फट लागते. खुर्च्यांच्या रांगेत टोकाची नव्हे, मधली एखादी खुर्ची काढा, म्हणजे दोन्हीकडे माणसं मिळतात.

६० सेंटिमीटरच्या स्टेजला ७.२ मीटरचा रॅम्प लागेल, शिवाय मधे सपाट टप्पा. बहुतेक मांडवांत तेवढी जागाच नसते. मग बक्षीसवाटप स्टेजखाली करा, सगळ्यांचंच खाली.

शेवटची गोष्ट तुमचे हे जुने कार्यकर्ते आपणहून सांगणार नाहीत : बाथरूम. मांडवापासून जवळ, पायरी नसलेलं आणि चाकं आत जातील अशा दाराचं बाथरूम कुठे आहे ते टेप घेऊन मोजा. खुर्चीची रुंदी साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर असते आणि आपल्याकडची बरीच बाथरूमची दारं तेवढीच किंवा त्याहून जेमतेम जास्त. तळमजल्यावरच्या एखाद्या घराने आठवडाभर सोय दिली तर त्यांना तसं आधीच कळवा. तासाभराहून जास्त थांबणं बहुधा त्यावरच ठरतं.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे, वय ७४. सणाला नातेवाईक आले की गोंधळते, कधी चिडते. तिला खोलीत ठेवावं का? (वाचक, पुणे)

पूर्ण वेळ खोलीत नको आणि पूर्ण वेळ गर्दीतही नको. सकाळची वेळ धरा. अशा अनेकांची बेचैनी दुपारनंतर वाढत जाते, आणि आपल्याकडचे पाहुणे नेमके संध्याकाळी लोटतात. नातेवाईकांना दोन-दोन, तीन-तीन करून सकाळी दहा ते बारामध्ये बोलवा. एका वेळी पाऊण तास पुरे.

येणाऱ्यांना दारातच सांगा : ‘ओळखलंस का?’ विचारायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तिला देता येत नाही, आणि येत नाही हे मात्र तिला कळतं. चिडण्याचं बरंचसं मूळ तिथे असतं. ‘मावशी, मी सुनीलचा धाकटा, दर्शनाला आलोय’ असं आपणच सांगून टाकावं. ती तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारेल, तर त्या नावाने ओ द्या. दहा मिनिटांत तोच प्रश्न पाचव्यांदा आला तर तेच उत्तर पाचव्यांदा द्या.

कालचं विसरलं तरी लहानपणापासून पाठ असलेलं आणि चालीवर म्हटलेलं बराच काळ टिकतं. म्हणून आरतीला तिला हमखास बाहेर आणा, हातात टाळ द्या आणि चाल नेहमीची ठेवा, नवीन नको. लाउडस्पीकर बंद. हातांच्या सवयींचंही असंच. दूर्वा निवडून एकवीसच्या जुड्या करणं, फुलवाती वळणं, लसूण सोलणं, ही कामं हातांना येतात. मोजणी चुकली तर तिच्यासमोर दुरुस्त करू नका, नंतर एक-दोन काड्या घाला. विळी आणि निरांजन तिच्या आवाक्यात नको. निरांजन तबकात ठेवून कुणीतरी बरोबर धरावं.

जेवताना पांढऱ्या ताटातला पांढरा भात तिला वेगळा दिसत नसेल. स्टीलचं ताट चकाकतं, त्यानेही गोंधळ होतो. एकरंगी गडद ताटली घ्या, पदार्थ एका वेळी एक-दोनच वाढा. नैवेद्याचं अठरा पदार्थांचं पान तिच्यासमोर मांडलं तर ती काहीच खाणार नाही.

गर्दीच्या दिवशी दाराकडे कुणाचं लक्ष नसतं. तिच्या कपड्याला आतून नाव आणि तुमचा फोन नंबर शिवून ठेवा, आणि दर अर्ध्या तासाला दाराशी कोण बसणार ते ठरवून टाका. ‘सगळेच बघतील’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

प्रश्न : इथल्या महाराष्ट्र मंडळात नवीन सभासदांनी उभं राहून ओळख करून द्यायची पद्धत आहे. माझा पुतण्या बोलताना अडखळतो, म्हणून येतच नाही. त्याच्या वतीने मी बोलू का? (वाचक, बंगळूर)

नको. बाकीच्या वाक्यांत अडखळणारा माणूस एखादा शब्द बदलून वाट काढतो. स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. त्यामुळे ओळखपरेड हा त्याच्यासाठी सर्वांत कठीण प्रकार, आणि आपली पाळी येईपर्यंतची वाट बघणं त्याहून वाईट. मंडळाला सांगून पद्धतच बदला : चारचौघांच्या गटात बसून, चहा घेत, हव्या त्या क्रमाने बोलायचं. नावाचे बिल्ले सगळ्यांना लावा.

तो बोलत असताना शब्द पुरवू नका, ‘दमाने, श्वास घे’ म्हणू नका, नजर जमिनीकडे वळवू नका. थांबा. तो जे सांगतोय त्याकडे लक्ष द्या आणि त्यावर पुढचा प्रश्न विचारा. बंगळूरच्या ट्रॅफिकबद्दल बोलत असेल तर ट्रॅफिकबद्दलच.